नखाच्या उजेडात

दयाराम मोकलच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला घरात फार मान होता. ते नख तो लिंबाच्या फोडीने घासायचा, दर रविवारी काचपेपरने सारखं करायचा आणि नारळ सोलणं, मटार निवडणं असल्या कामांना ते नख कधीच मिळायचं नाही. त्याची बायको शकू म्हणायची, "माज्या सासूनं याला पन एवड्या लाडानं नाय वाढवला." म्हणू दे बापडी. त्या नखाच्या जोरावर दयारामने फौजेत चोवीस वर्षं काढली होती.

दयाराम फौजेत आर्मोरर होता. म्हणजे शस्त्र चालवणारा नव्हे, शस्त्र जगवणारा. रायफलची नळी साफ आहे की नाही हे बघायची फौजेतली एक जुनी रीत आहे. बोल्ट काढायचा, नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख तिरकं धरायचं. उजेड नखावर पडतो, नखावरून नळीत शिरतो, आणि पुढच्या तोंडाला डोळा लावला की आतल्या पीळदार खोबणी लखलखताना दिसतात. तपासणीला येणारा साहेब असंच बघायचा. नळी चमकली की म्हणायचा, आरसा. नाही चमकली की त्या जवानाचा रविवार गेला. दयारामच्या हाताखालच्या एकाही नळीला चोवीस वर्षांत कुणी नाव ठेवलं नाही, आणि ही गोष्ट तो लग्नात, बारशात, बाराव्यालासुद्धा सांगायला मागेपुढे पाहत नसे.

जन्म गव्हाणचा, मिठागरावरचा. बापाचं मिठागर नेमकं कुठे होतं, हे आता त्यालाही बोट दाखवून सांगता येत नाही. तिथे भराव पडला, रस्ते झाले, आणि डोक्यावरून विमानं उतरायला लागली. हवालदार होऊन निवृत्त झाला तेव्हा बरोबरीचे लोक जमिनीच्या पैशातून बिल्डर नाहीतर वाळूवाले झाले होते. याला त्यातलं काही जमण्यासारखं नव्हतं. पनवेलच्या बाहेर डोंगराच्या पायथ्याशी खाडीपट्टा रायफल क्लब निघाला, त्यांना बंदुका सांभाळणारा माणूस हवा होता. दयाराम गेला, आणि तिथलाच झाला. लहानथोर सगळे त्याला हवालदारकाका म्हणू लागले.

त्या क्लबात हादिया मुकादम यायची. वीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. वडील खलील कुवेतला क्रेन चालवायचे. पोरगी अबोल, पण रायफल घेऊन चटईवर पालथी पडली की तीनशे मीटरवरच्या टार्गेटचा मधला काळा गोल तिला जणू हाताशी आल्यासारखा व्हायचा. यंदा ज्युनियर गटातलं तिचं शेवटचं वर्ष होतं. खलीलने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "बेटा, यंदा राज्याच्या टीममध्ये नाव लागलं तर पुढचं मी बघतो. नाय लागलं तर बस्स. खूप झालं." माणूस वाईट नव्हता. तिचं नेमबाजीचं जाड जॅकेट त्यानेच तिकडून पाठवलं होतं. पण शब्द म्हणजे शब्द. दिवाळीनंतरची निवड चाचणी म्हणजे हादियाचं सगळं होतं. तीन मुली घेणार होते, आणि गेल्या वर्षभरात जिल्ह्यात काय, अख्ख्या राज्यात तिच्या वरचढ दोघीच होत्या. हिशेब सरळ होता.

रायफल क्लबची होती. परदेशी, सहा मिलिमीटर तोंडाची, आणि वेग असा की गोळी सेकंदाला नऊशे मीटर जायची. असल्या छोट्या तोंडाच्या, भन्नाट वेगाच्या रायफलीचं आयुष्य कमी असतं. दारू भरपूर आणि भोक बारीक, त्यामुळे सगळी आग, गोळी बसते त्या चेंबरच्या पुढच्या दोन बोटं जागेतून घुसते. त्या जागेला घसा म्हणतात. दोन-अडीच हजार गोळ्या झाल्या की घसा भाजून निघतो. फौजेत तो मोजायला गेज असायची. या रायफलची गेज क्लबने मागवलीच नव्हती. हादियाच्या आधी तिघांनी ती वापरली होती, त्यांनी किती गोळ्या झाडल्या ते कुणालाच माहीत नव्हतं. दयारामला त्याची फिकीर वाटली नाही. त्याच्याकडे नख होतं.

जूनपासून हादियाच्या गोळ्या भरकटू लागल्या. विसातली एखादी. एकोणीस गोळ्या मधोमध, आणि विसावी भलतीकडेच, सात गुणांच्या गोलात. ती चटईवरून मान वळवून मागे बघायची. दयाराम दुर्बिणीपाशी बसलेला असायचा.

"काका, रायफलला काही झालंय का?"

दयारामने बोल्ट काढला, नख धरलं, डोळा लावला. नळी झगमगत होती. झगमगणारच. रोज संध्याकाळी पितळी ब्रशने आणि चिंध्यांनी तो तिला घासत होता.

"आरसा हाय, पोरी. तू बग."

तिने बघितलं. नख कसं धरायचं ते त्यानेच तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. खरंच आरसा होता.

"मंग काय ते समज. तुजा श्वास सुटतंय. ट्रिगर दाबताना अर्धा श्वास आत ठेवायचा, तो तू सोडतंस."

तिला पटलं. तिला न पटायला काही कारणच नव्हतं. चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस सांगत होता. ती घरी जाऊन आरशासमोर श्वास धरायची सवय करू लागली. पोटाला पट्टा बांधून बघितला, चहा सोडला, पहाटे फजरच्या नमाजानंतर तासभर प्राणायाम करू लागली. गोळी भरकटली की ती मागे वळून बघायची आणि दयाराम आपल्या छातीवर दोन बोटं टेकवायचा. श्वास. सप्टेंबरात तर एक गोळी टार्गेटवर लागलीच नाही. तीनशे मीटरवर एवढा मोठा चौकोन आणि त्यावर भोकच नाही! टार्गेटखालच्या खड्ड्यात बसून भोकं मोजणाऱ्या माणसाने लाल झेंडा हलवला. त्या दिवशी हादिया जॅकेटच्या बाहीत तोंड घालून रडली, आणि दयारामने तिला चहा पाजत पुन्हा तेच सांगितलं. ते आठवलं की आज त्याला स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं.

चाचणीला पाच दिवस उरले असताना शस्त्रांच्या खोलीतला एसी बंद पडला. दयारामचा भाचा हृतिक उलव्यात नव्या टॉवरांमध्ये एसी बसवायचं काम करतो, त्याला बोलावलं. हृतिककडे पाइपात घालायचा कॅमेरा होता, पेन्सिलीपेक्षा बारीक, वायरच्या टोकाला दिवा, आणि चित्र फोनवर. भिंतीतल्या पाइपात तो घालून दाखवताना हादियाही तिथे होती, ती गेल्यावर हृतिक मस्करीत म्हणाला, "मामा, तुज्या आरशात घालू का? बगू तरी किती गोरा हाय."

"घाल की," दयाराम ऐटीत म्हणाला.

कॅमेरा मागच्या तोंडातून आत गेला. चेंबर गुळगुळीत होतं. मग नळी सुरू झाली आणि हृतिक म्हणाला, "ह्ये काय?"

फोनवर मिठागर दिसत होतं. मे महिन्यात पाणी आटलं की तळाचा चिखल तडकतो, त्याच्या खपल्या होतात, कडा वर येतात, अगदी तसं. लहानपणी त्याच तड्यांतून दयाराम अनवाणी बापाची न्याहारी घेऊन जायचा. चार बोटं लांबीचं लोखंड असं तडकलेलं, आणि प्रत्येक तड्याच्या कडेला तांबं खरवडून चिकटलेलं. त्याच्या पुढे नळी होती ती मात्र खरंच आरसा. नखावरून उलटलेला उजेड मागच्या तोंडाशी इतका प्रखर असतो की पुढून बघणाऱ्याला ती जागा नुसती लख्ख दिसते. म्हणजे वर्षानुवर्षं त्याने जी सगळ्यात झगमगणारी जागा बघून मान डोलावली होती, तिथेच नळी मेली होती.

आता त्याला सगळं कळलं. गोळी म्हणजे शिशाचं पोट आणि वरून तांब्याचं कवच, कागदासारखं पातळ. त्या तड्यांवरून ओरबाडत ती निघते आणि बाहेर पडल्यावर मिनिटाला अडीच लाख गिरक्या घेते. कवच फाटलं असेल तर शंभरेक मीटरवर हवेतच तिचे तुकडे होतात. नळी तापलेली असली तर जास्तच. सप्टेंबरातली ती गोळी टार्गेटला चुकली नव्हती. ती तिथवर पोचलीच नव्हती. पोरीचा श्वास कधी सुटलाच नव्हता.

हृतिककडून फोटो आपल्या फोनवर घेऊन तो तसाच क्लबच्या सेक्रेटरीकडे गेला. कृष्णकांत ठोंबरे, पनवेलात औषधांचं दुकान, माणूस धावपळ्या. त्याने फोटो बघितला आणि डोकं धरलं.

"नवीन बॅरल?"

"भायेरून यायला लागंल साहेब. परवानगीचे कागद धरून आठ म्हयने."

"पुण्याहून कुणाची रायफल?"

"ती दुसऱ्याच्या लायसनवर. पोरीनं हातात धरली तरी गुन्हा."

"तुम्ही काही करू शकत नाही का? तुम्ही तर हवालदार."

करता येत होतं, तेच तर दुःख होतं. नळीचा तडकलेला भाग कापायचा, चेंबर पुढे सरकवून नव्याने कोरायचं. फौजेच्या वर्कशॉपमध्ये दयारामने हे होताना शेजारी उभं राहून पाहिलं होतं, हाताशी काम केलं होतं. पण त्याला लागणारं हत्यार क्लबात नव्हतं, आणि असतं तरी परवान्याशिवाय नळीला करवत लावणं म्हणजे सरळ तुरुंग. फौजेत त्याच्या हातामागे सरकार होतं. इथे त्याच्या हातात फक्त चिंधी होती.

"मी पोरीला सांगतो," तो म्हणाला.

"वेडे आहात का काका?" कृष्णकांत खुर्चीतून उठलाच. "पाच दिवसांवर ट्रायल. आत्ता सांगितलंत तर प्रत्येक शॉटला तिच्या मनात येईल, ही फुटते की काय. हात थरथरेल. विसात एखादी जाते ना? गेली तर गेली. बाकीच्यांवर ती निघेल. ट्रायलनंतर सांगा, मी स्वतः सांगतो तिला."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. पण खरं सांगायचं तर दयारामला तो हुकूम मिळाला याचं बरंच वाटलं. जूनपासून छातीवर बोटं टेकवत आलेल्या माणसाला पोरीसमोर उभं राहून 'चूक माझी' म्हणायचं होतं, ते पुढे गेलं. रात्री शकूने विचारलं, "जेवत का नाय?" तर म्हणाला, "एसीचा वास डोक्यात गेलाय."

स्वस्थ मात्र बसवेना. नळी गार राहिली तर कवच टिकायची शक्यता वाढते, एवढं एकच त्याच्या हातात होतं. पण नळी गार ठेव म्हटलं की ती विचारणार, का? मग त्याने पुन्हा त्याच खुंटीला टोपी अडकवली. तिला बोलावून म्हणाला, "पोरी, दर पाच गोळ्यांनी थांबायचं. रायफल खांद्यावरनं उतरायची, डोले मिटायचे, दहा श्वास मोजायचे. मंगच सावी गोली."

"एवढं थांबू काका? टाइम पुरेल?"

"पुरंल. श्वासाला जप, बाकी सगलं ठीक हाय."

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि शहाण्या मुलीसारखी तिने ते हाताच्या पाठीवर पेनाने लिहून घेतलं.

चाचणी याच क्लबच्या मैदानावर झाली, कारण तीनशे मीटरचं मैदान आसपास दुसरं नव्हतं. साठ गोळ्या, एक तास. लायनीच्या मागे आर्मोररला उभं राहायची मुभा, पण बोलायची नाही. मागून आवाज आला की नेमबाज बाद. दयाराम दुर्बिणीला डोळा लावून बसला.

पहिल्या चाळीस गोळ्या हादियाने अशा मारल्या की शेजारचा पंच आपली दुर्बीण तिच्या टार्गेटकडे वळवून बघू लागला. पाच गोळ्या, रायफल खाली, डोळे बंद, दहा श्वास. पुन्हा पाच. दयाराम मनातल्या मनात तिच्याबरोबर श्वास मोजत होता. नळी गार होती. एकही गोळी फुटली नव्हती. त्याने गावदेवीला नारळ बोलून टाकला.

मग त्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. चाळीस गोळ्यांना एकोणपन्नास मिनिटं झाली होती. वीस गोळ्या आणि अकरा मिनिटं!

हादियाने ते त्याच्या नंतर अर्ध्या मिनिटाने बघितलं. तिची पाठ ताठ झालेली त्याला मागूनही दिसली. तिने श्वास मोजणं सोडलं आणि एकामागून एक गोळ्या मारायला सुरुवात केली. दुसरं ती काय करणार होती? एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. नळीवरून तापलेल्या हवेची लाट उठायला लागली, दुर्बिणीतलं टार्गेट हलायला लागलं. थांब, पोरी, थांब, असं दयारामच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं. बोललं तर ती बाद, नाही बोललं तर नळी तापणार. तो नुसता गुडघे घट्ट धरून बसला. फौजेत त्याने शेकडो रायफली जवानांच्या हाती दिल्या होत्या, पण इतका निरुपयोगी तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

बावन्नावी गोळी सुटली आणि निम्म्या वाटेत करड्या धुराची बारीक रेघ उमटली, वाऱ्याने लगेच विरली. दयारामने बघितली. हादिया बघू शकत नव्हती. रायफलच्या झटक्याने तिचा डोळा हलला होता. खड्ड्यातून लाल झेंडा हलला. तिने मान वळवून मागे बघितलं.

नेहमी त्याची दोन बोटं छातीवर जायची. आज त्याचे हात गुडघ्यांवरून हललेच नाहीत. तिने क्षणभर वाट बघितली, मग स्वतःच स्वतःच्या छातीला हात लावला, मान हलवली आणि पुन्हा रायफलवर वाकली.

अठ्ठावन्नावी गोळीही तशीच गेली. पुन्हा रेघ, पुन्हा झेंडा. या वेळी ती मागे वळली नाही.

निकाल लागला. तिसरी जागा सहा गुणांनी हुकली. फुटलेल्या दोन गोळ्यांनी वीस गुण नेले होते. बाकी अठ्ठावन्न गोळ्या त्या दिवशी मैदानावर आलेल्या कुठल्याही मुलीपेक्षा कमी नव्हत्या.

हादिया चटई गुंडाळत होती. दयाराम तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि काल रात्रभर जुळवलेली वाक्यं विसरून एका दमात म्हणाला, "पोरी, तुजी चूक नाय. नली मेलेली हाय. गोल्या वाटंत फुटल्या, मी या डोल्यांनी बगितलं. जूनपासून तेच चाललंय. श्वास-बिस काय नाय, चूक माजी हाय."

तिने चटई बाजूला ठेवली. मग हळूच हसली. फार दमलेलं हसू होतं ते.

"काका, राहू द्या ना."

"खोटं नाय सांगत. हा फोटो बग." त्याने फोन पुढे केला.

तिने बघितला. "हा हृतिकदादाच्या पाइपाचा ना? त्या दिवशी काढत होता."

"पाइप नाय, ही तुजी रायफल! साहेब, तुमी सांगा हिला."

कृष्णकांत चाचणीसाठी आलेल्या पाहुण्यांच्या घोळक्यात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. पाहुण्यांकडे एकदा बघून तो इकडे आला आणि हादियाच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "बेटा, काका म्हणतात तेच खरं. तुझी काही चूक नाही. छान खेळलीस." कुणीही हरलेल्या मुलीला म्हणतो त्याच सुरात म्हणाला आणि परत घोळक्यात गेला.

हादियाने मान हलवली. मग तिने टेबलावर ठेवलेली रायफल उचलली, बोल्ट काढला, नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख तिरकं धरलं, अगदी त्याने शिकवलं तसं, आणि पुढून डोळा लावला. बराच वेळ बघितलं.

"आरसा आहे, काका," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. उलट म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्यावं तशी माया होती, आणि दयारामच्या काळजाला तीच लागली. "तुम्हीच शिकवलंत ना बघायला. माझ्यासाठी खोटं नका बोलू. तुम्ही तरी नको."

"हृतिकला आत्ता बोलावतो. अर्ध्या तासात येल. कॅमेरा घालून दाखवतो तुला."

"अम्मी बाहेर रिक्षात बसलीय. अब्बूंचा फोन यायचाय." तिने रायफल दोन्ही हातांनी त्याच्याकडे दिली. "थांबायला सांगितलंत ते बरोबर होतं. चाळीसपर्यंत नीट गेलं. शेवटी मला घाई झाली आणि श्वास सुटला. माझंच चुकलं." जॅकेटची घडी तिने टेबलावर ठेवली. "कुणी नवीन मुलगी आली तर तिला द्या. तिलाही असंच शिकवा."

ती गेली. फाटकापाशी रिक्षा वळताना तिने हात हलवला, आणि दयारामचाही हात वर झाला.

मैदान रिकामं झालं. वरून एक विमान घरघरत गेलं. दयारामने रायफल मांडीवर घेतली. नळी अजून कोमट होती. कशासाठी ते त्याला कळलं नाही, पण त्याने मागच्या तोंडाशी नख धरलं आणि डोळा लावला. मागून पुढपर्यंत नळी लख्ख चमकत होती.